गेटमधली खुर्ची

माझ्या भावाची एक गोष्ट नागपुरातल्या आमच्या इंदोऱ्यात लोक हसत हसत सांगतात. लग्नात, बारशात, जयंतीच्या मीटिंगीत, कुठंही चार माणसं जमली की कोणीतरी ती सुरू करतोच. मी ती डोळ्यांनी पाहिली आहे आणि हसण्यासारखं तिच्यात मला आजवर काही सापडलेलं नाही. म्हणून एकदाची लिहून काढते. मी रागीट आहे, हे सगळ्या वस्तीला ठाऊक आहे. रामदासपेठेतल्या ज्या दवाखान्यात मी नर्स आहे, तिथले मोठे डॉक्टरसुद्धा मला जरा टरकूनच असतात. तेव्हा ज्याला गोड गोड वाचायचं असेल त्यानं हे बाजूला ठेवावं.

भावाचं नाव देवराव धोंडबा गजभिये. मी त्याला दादा म्हणते. जन्म एकोणीसशे चाळीसचा, पारशिवनीजवळच्या एका खेड्यातला. आमचा बा, धोंडबा, गावचा सनईवाला होता. सनईवाला म्हटलं की लोकांना कलाकार वगैरे वाटतं. कसला कलाकार! पाटलाकडे लग्न निघालं की बा सकाळपासून दारात उभा. पंगती उठेपर्यंत वाजवायचं आणि उभ्यानंच वाजवायचं. वाजंत्र्यानं दारात बसायचं नाही, हा गावचा कायदा. वैशाखाच्या उन्हात तो पाच-पाच तास उभा असायचा. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन, पण त्याच्या पिंढऱ्यांवरच्या सुजलेल्या शिरा मला अजून दिसतात. शेवटी उरलंसुरलं अन्न धोतराच्या सोग्यात पडायचं, तेही वरून टाकलेलं. आणि हे सगळं सोसून तो वाजवायचा मात्र फार सुंदर, असं माय सांगायची.

छप्पन साली बा आणि माय चालत नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन आले. त्यानंतर आमच्या वस्तीची बैठक बसली आणि ठरलं, की आजपासून कोणाच्या दारात वाजवायचं नाही. बानं घरी येऊन सनई चुलीत घातली. लाकूड जुनं, वर्षानुवर्षं तेल प्यालेलं, भडकन पेटलं. मायनं त्यावर भाकरी भाजल्या आणि त्या आम्ही खाल्ल्या. पुढच्याच आठवड्यात गावानं आम्हाला शेतात काम देणं बंद केलं. दोन महिन्यांत आम्ही बोचकी बांधून इंदोऱ्यात आलो. बा रेल्वेच्या मालधक्क्यावर पोती वाहू लागला. त्यानंतर त्याच्या तोंडून साधी गुणगुण कधी ऐकू आली नाही. घरात कोणी शीळ घातली तरी तो उठून बाहेर जायचा.

आणि अशा घरातल्या मुलाला वेड लागावं कशाचं, तर क्लॅरिनेटचं.

दादा अठराव्या वर्षी मिलमध्ये लागला. मिलच्या वाटेवर ताराचंद मास्तरांचं बॅन्डचं दुकान होतं. पाळी सुटली की दादा तिथं जाऊन बसायचा. मास्तर म्हणाले, शिकवतो, पण वरातीत माझ्या बॅन्डबरोबर चालावं लागेल. दादा म्हणाला, ते सोडून काहीही सांगा. मास्तर भले माणूस. त्यांनी ते सोडलं आणि त्याला शिकवलं. दादा एका वरातीत चालला नाही, एका दारात उभा राहिला नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढं सगळे हेच विसरले.

बाला कळलं तेव्हा घरात मोठा तमाशा झाला. "आपण सोडलं नं गा ते? मंग तू काहून फुकून राह्यला?" बा ओरडला. दादा म्हणाला, "बा, मी कोणाच्या दारात नाही वाजवत." बा म्हणाला, "आज नाही. उद्या उभं करतीनच तुले." त्यावर तो दोन वर्षं दादाशी बोलला नाही. एकाच खोलीत राहायचे दोघं, निरोप माझ्यामार्फत चालायचे. वैताग आला होता मला त्या दोघांचा.

पुढं नागपुरात ऑर्केस्ट्रांचं पेव फुटलं. सिनेमातली गाणी स्टेजवर हुबेहूब वाजवायची आणि लोकांनी शिट्ट्या मारायच्या. सीताबर्डीवर रेडिओचं दुकान असलेल्या भैय्याजींनी असाच एक ऑर्केस्ट्रा काढला. भैय्याजी स्वतः गायचे. गळा बरा होता, केस त्याहून बरे होते. त्यांना क्लॅरिनेटवाला हवा होता. ताराचंद मास्तरांनी दादाचं नाव सुचवलं.

भैय्याजींना मिळाला क्लॅरिनेटवाला, पण हाती लागलं घबाड. दादाचा कान काही वेगळाच होता. नवं गाणं रेडिओवर लागलं की तो दुकानाच्या मागच्या खोलीत डोळे मिटून उभा राहायचा. पहिल्यांदा ऐकताना गाण्यामधले बासरीचे आणि व्हायोलिनचे तुकडे उचलायचा, दुसऱ्यांदा गिटारचे, तिसऱ्यांदा ढोलक आणि बाकीचं. मग एकेकाला समोर बसवून त्याचा त्याचा तुकडा तोंडानं म्हणून दाखवायचा. लिहिलेलं संगीत अकरा जणांत एकालाही वाचता येत नव्हतं. सगळा ऑर्केस्ट्रा दादाच्या डोक्यात. कार्यक्रमात तो मधल्या खुर्चीवर बसायचा आणि उजवा खांदा किंचित उडवायचा. तो उडाला की सगळ्यांनी सुरू करायचं. पोस्टरवर मात्र छापलेलं असायचं, 'संगीत संयोजन : भैय्याजी'. मी दादाला म्हणायची, "तुले राग नाही येत काय रे?" तो म्हणायचा, "अवं, बसून वाजवतो नं मी. खुर्चीवर." मला वाटायचं, याच्या डोक्यात घालावी ती खुर्ची.

पण त्याला ते बासाठी हवं होतं, हे मला उशिरा समजलं. बानं एकदा तरी यावं, आपल्याला स्टेजवर मधोमध बसलेलं बघावं, एवढंच त्याच्या मनात होतं. चौऱ्याहत्तरच्या नववर्षाला तो योग आला. रामदासपेठेतल्या एका क्लबनं एक जानेवारीला संध्याकाळी सहा वाजता आपल्या मैदानावर नववर्षाचा ऑर्केस्ट्रा ठेवला. शहरातले बडे लोक येणार होते. आणि भैय्याजींनी कबूल केलं होतं, की या वेळी माइकवरून जाहीर करू, 'संगीत संयोजक देवराव गजभिये'. चार वर्षांच्या कामानंतर पहिल्यांदा. दादानं दोन पास आणले आणि बासमोर ठेवले. "बा, एकडाव येऊन पाहा. बसून वाजवतो का उभ्यानं, ते तुह्या डोयानं पाहा."

बानं पास उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाला, "बसून वाजवत असशीन तं येतो." मायचे पाय सुजले होते, म्हणून ती घरी राहिली. बानं त्या दिवशी दाढी केली, धुतलेलं धोतर नेसला आणि आम्ही दोघं तिसऱ्या रांगेत जाऊन बसलो. अठरा वर्षांनी तो माणूस कुठं संगीत ऐकायला आला होता.

मैदानावर मांडव, रंगीत बल्ब, गेटवर फुलांची कमान आणि कमानीखाली लाल जाजम. थंडी चांगलीच पडली होती. थंडीत क्लॅरिनेटचा सूर उतरतो, म्हणून दादा ते कोटाच्या आत धरून बसायचा. मी थर्मासमध्ये आल्याचा चहा आणला होता, तो द्यायला स्टेजच्या मागं गेले. तिथं क्लबचे सेक्रेटरी महादेवराव आणि भैय्याजी दादासमोर उभे होते.

झालं होतं असं, की प्रमुख पाहुण्यांच्या स्वागताला गेटवर बॅन्ड हवा होता आणि बॅन्डवाल्यांना सांगायचं सगळेच विसरले होते. सेक्रेटरीला वाटलं खजिनदारानं सांगितलं, खजिनदाराला वाटलं सेक्रेटरीनं. पाहुण्यांची गाडी निघाली होती. महादेवरावांना घाम फुटला होता. आणि त्यांना एकाएकी आठवलं, की ऑर्केस्ट्रातला क्लॅरिनेटवाला 'त्या' लोकांपैकी आहे.

भैय्याजी दादाला म्हणत होते, "देवराव, यार, समजून घे. पाच मिनिटाचा सवाल आहे. गेटवर उभं राहून दोन गाणे वाजवून दे, पाहुणे आत आले की येऊन बस स्टेजवर. तुले तं सवय आहे."

सवय! माझ्या हातातला थर्मास मी खाली ठेवला, नाहीतर तो भैय्याजींच्या अंगावर गेला असता. "कशाची सवय हो भैय्याजी?" मी म्हणाले. "दादानं कोण्या दारात वाजवलं आजपर्यंत? एक दार सांगा मले."

"ताई, तुम्ही मधात नका पडू."

"काहून नको? अकॉर्डियन तं लोक गळ्यात अडकवून उभ्यानंच वाजवतात. तो तुमचा अकॉर्डियनवाला आहे नं, त्याले पाठवा गेटवर."

भैय्याजी खरोखर बुचकळ्यात पडले. म्हणाले, "ताई, ते बँकेत आहेत."

हे वाक्य मी बारा वर्षं मनात घोळवते आहे आणि अजून ते मला गिळता आलेलं नाही. दुष्टपणानं म्हटलं असतं तर मी समजून घेतलं असतं. भैय्याजी दुष्ट नव्हते. आमच्या घरी त्यांनी चहा घेतला होता. त्यांना ते इतकं उघड वाटत होतं, की मी विचारते काय हेच त्यांच्या लक्षात येईना.

महादेवराव म्हणाले, "अहो, वेळ नाही आता. तो जात नसेल तर स्पष्ट सांगा. पुढच्या वर्षी दुसरा ऑर्केस्ट्रा बघू आम्ही." बाकीचे दहा वादक तिथंच उभे होते. त्यांच्याबरोबर दादानं चार वर्षं घाम गाळला होता, प्रत्येकाच्या बोटांत त्यानं सूर घातले होते. एकाच्या तोंडून शब्द फुटला नाही. अकॉर्डियनवाला आपल्या पट्ट्याशी चाळा करत राहिला.

दादानं पडद्याच्या फटीतून तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. मग म्हणाला, "जातो."

मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. लाज काढली त्याची. त्यानं माझ्याकडे लक्षच दिलं नाही. तो स्टेजवर गेला, आपली मधली लोखंडी खुर्ची मिटली, खांद्यावर टाकली, दुसऱ्या हातात क्लॅरिनेट घेतलं आणि पायऱ्या उतरून खुर्च्यांच्या रांगांमधून थेट गेटकडे चालू लागला. महादेवरावांना वाटलं, खुर्ची पाहुण्यांसाठी नेतोय. दादा बाच्या समोरून गेला, पण थांबला नाही. मी धावत त्याच्या मागं.

गाडी आलीच होती. कमानीखाली, जाजमाच्या अगदी मधोमध दादानं खुर्ची उघडली आणि तिच्यावर ऐसपैस बसला. पाय पसरून, पाठ टेकून. मग क्लॅरिनेट ओठांना लावलं.

महादेवराव कानाशी लागून म्हणाले, "ए, उठ! उभा राहा!" दादानं वाजवायला सुरुवात केली. स्वागताची धून वगैरे नाही, त्या संध्याकाळचं पहिलं ठरलेलं गाणं, सुरुवातीपासून. गाण्याची चाल झाली की व्हायोलिनचा तुकडा, मग गिटारचा, मग पुन्हा चाल, अकरा जणांचं सगळं तो एकटा त्या नळीतून काढत होता. पाहुणे गाडीतून उतरून जाजमाच्या कडेला उभे राहिले. पुढं जायला वाट नव्हती. वाटेत माझा भाऊ बसला होता. ओवाळायला आलेल्या बाया ताटं धरून ताटकळल्या, त्यांची निरांजनं वाऱ्यानं विझली. महादेवरावांनी खुर्चीला हात घालायचा प्रयत्न केला, तोवर तिसऱ्या रांगेतून बा तिथं पोचला होता. तो खुर्चीच्या मागं उभा राहिला आणि दोन्ही हातांनी तिची पाठ धरली. मालधक्क्यावर अठरा वर्षं पोती उचललेले हात होते ते. महादेवराव मागं सरकले.

दूर स्टेजवर ढोलकवाल्याला राहवेना. सवयच ती, गाणं ऐकू आलं की हात चालणारच. त्यानं ठेका धरला. त्याचं ऐकून गिटारवाल्यानं तार छेडली. चार मिनिटं सगळं मैदान मान वळवून गेटकडे बघत होतं. गाणं संपलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी दादाला वाकून नमस्कार केला आणि खुर्चीला वळसा घालून आत गेले.

बस. लोक गोष्ट इथपर्यंत सांगतात आणि मांड्यांवर थापा मारून हसतात. देवरावनं बड्या माणसाला उभं केलं! पुढचं कोणी सांगत नाही, कारण पुढं हसायला जागा नाही.

भैय्याजी आले आणि म्हणाले, "देवराव, हे बरोबर नाही केलं तू. आता स्टेजवर नको येऊ. क्लबवाले नाही म्हणून राह्यले." दादा म्हणाला, "ठीक आहे." माझी अजून बडबड चालू होती, बानं माझा दंड धरून मला गप्प केलं. आम्ही तिघं रस्त्याला लागलो. मागून माइकवर सगळ्या वादकांची नावं ऐकू येत होती. दहा नावं झाली. संगीत संयोजक म्हणून भैय्याजींचंच नाव घेतलं. नंतर पहिलं गाणं पुन्हा सुरू झालं, दादाशिवाय. मी कान टवकारून ऐकलं. मला वाटलं होतं, कोसळेल. कुठं कोसळलं? दोन ठिकाणी अडखळले आणि पुढं गेले. शिट्ट्या तेवढ्याच पडल्या.

पुलापाशी आल्यावर बा म्हणाला, "दुसरं कोणतं होतं गा?" दादा म्हणाला, "दुसरं काय?" "दुसरं गाणं. बारा होते म्हणे." मग दादानं चालता चालता त्याला बाराही गाणी तोंडानं म्हणून दाखवली, मधल्या तुकड्यांसकट. इंदोरा येईपर्यंत बा हूं हूं करत होता. एका ठिकाणी त्यानं दादाची चूकही काढली. मी दोघांच्या मागं चालत होते आणि संतापानं रडत होते.

महिन्याभरानं भैय्याजी घरी आले. नवी गाणी आली होती आणि त्यांच्या ऑर्केस्ट्रात ती कोणाला उचलता येत नव्हती. म्हणाले, दुकानाच्या मागच्या खोलीत येऊन पोरांना तुकडे सांगत जा, स्टेजचं पुढं पाहू, लोक विसरतील. दादा शांतपणे म्हणाला, "स्टेजवर बसवता काय?" भैय्याजींनी पुन्हा मागच्या खोलीचंच सांगितलं. "मंग भैय्याजी, रेडिओ तं तुमच्या दुकानात ढीगभर आहेत. ऐका कान लावून."

मला वाटलं, जिंकला माझा भाऊ! मी किती मूर्ख होते. भैय्याजींचा ऑर्केस्ट्रा दादानं शिकवलेल्या जुन्या गाण्यांवर आणखी नऊ वर्षं चालला. दर नववर्षाला त्याच मैदानावर. आणि देवराव डोक्यात तिडीक असलेला माणूस आहे, असं नागपूरभर पसरलं. एकाही ऑर्केस्ट्रानं त्याला बोलावलं नाही. चौतिसाव्या वर्षी त्याचं स्टेज संपलं. तो मिलमध्ये साच्यावर उभा राहून सूत काढत राहिला, आठ-आठ तास, उभ्यानं. जयंतीला वस्तीच्या मांडवात वाजवतो, तेवढंच.

बा मागच्या वर्षी गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी दादा एकदा मला म्हणाला, "एक सांगू काय वं पुष्पे? बा नसता नं आला त्या दिवशी, तं मी गेलो असतो. उभ्यानं वाजवून, परत येऊन बसलो असतो स्टेजवर. इतकं मन होतं माह्यं त्या गाण्यायत."

मी त्याच्यावर चिडणार होते, पण माझा राग त्याच्यापर्यंत गेलाच नाही.

परवा एका लग्नात पुन्हा कोणीतरी ती गोष्ट काढली. दादा कोपऱ्यात बसून कसनुसं हसत होता. पोरं टाळ्या पिटत होती. देवरावकाका खुर्चीवर बसले! मी उठून ओरडले, मांडव गप्प झाला. लोक म्हणतात, पुष्पलताताईंचं डोकं फिरलं आहे. फिरलं असेल. अहो, एक माणूस चार मिनिटं खुर्चीवर बसला, यात गोष्ट ती काय? भैय्याजी जन्मभर बसले. अकॉर्डियनवाला बसला, बँकेतही बसला. त्यांच्या बसण्याची गोष्ट कोणी कोणाला सांगतं का?